कोंबडीचा मार्गशीर्ष

कोंबडीला थंडी वाजत नाही. थंडी मालकाला वाजते आणि तो ती कोंबडीच्या नावावर खर्ची टाकतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबात तुळशीचं लग्न लागलं, कापसाच्या वेचणीला जोर आला आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागली, की घरोघर खुराड्यांची डागडुजी निघते. ज्या गृहस्थाला स्वतःच्या न्हाणीघराचं दार बसवायला अजून मुहूर्त सापडलेला नाही, तो एका दुपारी हातोडी, तार आणि बारदाना घेऊन खुराड्याला भिडतो. चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड, त्यावर बारदाना, त्यावर प्लास्टिक आणि सगळ्यांच्या वर फ्लेक्स. आजच्या ग्रामीण बांधकामात फ्लेक्सला तोड नाही. तो फुकट मिळतो, पाणी आत घेत नाही आणि वाढदिवस उलटून गेल्यावर त्याची चौकशी करायला कोणी येत नाही. 2024 साली तर विधानसभेची निवडणूकच नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर आली. त्या वर्षी खुराड्यांची चैन झाली. प्रश्न एकच पडायचा, की हात जोडून उभा असलेला उमेदवार आतल्या बाजूला ठेवायचा की बाहेरच्या? आत ठेवला तर कोंबड्यांनी रात्रभर त्याच्याकडे बघायचं, बाहेर ठेवला तर मुंगसाने. आमच्या गल्लीतल्या एका खुराड्याला दोन्ही आघाड्या लागल्या होत्या. मधल्या फटीतून वारा येतच होता.

खरं तर तो वारा येत होता म्हणूनच त्या खुराड्यातल्या कोंबड्या बऱ्या राहिल्या. कोंबडीच्या अंगात कायम 41 अंशांच्या आसपास उष्णता असते. माणसाला एवढा ताप चढला तर गाडी करून यवतमाळला न्यावं लागतं. ती त्याच तापात उकिरडा उकरत असते. रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरला तरी ती पिसं फुलवते, बोटं पोटाखाली झाकते, चोच पंखात खुपसते आणि शेजारणीला चिकटून झोपते. तिला त्रास होतो तो कोंदट हवेचा. खुराडं चारी बाजूंनी गच्च बांधलं की विष्ठेतला अमोनिया आणि श्वासाची ओल आतच कोंडते. सकाळी दार उघडल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबलं, तर रात्रभर तिच्या छातीत काय गेलं असेल ते समजावं. मग ती शिंकायला लागते. गृहस्थ म्हणतो, थंडी बाधली, आणि आणखी एक फ्लेक्स आणतो.

या मायेची परीक्षा खरं तर मे महिन्यात व्हायला हवी. आपल्याकडे पारा 44 च्या पुढे सरकतो, तेव्हा ती चोच उघडी टाकून आणि पंख फाकवून धापा टाकत असते. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाच्या तडाख्याने कोंबड्या पटापट मरतात. पण तेव्हा आपण कूलरसमोर असतो आणि आपल्याला गार वाटत असतं, त्यामुळे तिचंही बरं चाललं असेल असं आपण धरून चालतो.

एवढा सगळा बंदोबस्त पार पडल्यावर, साधारण मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारच्या सुमारास, कोंबड्या अंडी देणं बंद करतात.

वेळ बरोबर साधलेली असते. घरात लक्ष्मीचा घट मांडलेला, महिनाभर अंडं-मटण वर्ज्य, आणि कोंबड्याही व्रताला बसलेल्या. सासूबाई म्हणतात, जनावरालेबी कळते. सुनेला वाटतं, बरं झालं, तेवढंच एक काम कमी. गृहस्थाचा मात्र समज होतो की कोणीतरी अंडी चोरतंय. संशयाचा पहिला मान मुंगसाचा. दुसरा शेजाऱ्याच्या बोक्याचा, आणि बोक्याचं बोलता बोलता गाडी शेजाऱ्यावर येते. मग तपास सुरू होतो. कुटाराचा ढीग उपसून होतो, पऱ्हाटीच्या मोळ्या हलवून होतात, बाजेखाली वाकून होतं. शेवटी हात जातो तो भाव वाढेल म्हणून आतल्या खोलीत छताला भिडवून ठेवलेल्या कापसात. अंडं घालायला त्याहून मऊ जागा जिल्ह्यात नाही, हे कोंबडीला ठाऊक असतं, आणि खरोखरच कधीमधी तिथे अंडं सापडतं. पण मार्गशीर्षात खांद्यापर्यंत हात घालून त्याला सापडते ती गेल्या वर्षी हरवलेली बॅटरी, आणि दिवसभर अंगाला सुटलेली खाज.

तपास फसला की उपचार. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे उष्ण खायला घालणे. बाजरी, ओवा, लसूण, गूळ, जवस. आणि एका घरी मी डिंकाचा लाडू चुरून टाकलेलाही पाहिला आहे. बाळंतिणीला जो खुराक, तोच बाळंत व्हायचं नाकारणाऱ्या कोंबडीला. कोंबड्या तो मिटक्या मारत खातात आणि अंडं देत नाहीत. मग कोणी जाणकार सुचवतो, "सरकीची ढेप देऊन पाय ना गा. म्हशीचं दूध वाढते, त इचं अंडं काऊन नाई वाढनार?" हा सल्ला तेवढा ऐकू नये. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते कोंबडीच्या पोटात गेलं की अंड्यातला बलक शेवाळी नाहीतर तपकिरी पडतो, आणि सरकीतल्याच दुसऱ्या एका घटकाने, अंडं काही दिवस ठेवलं तर पांढरा भाग गुलाबी होतो. असं तिरंगी अंडं फोडल्यावर घरात जो गोंधळ उडतो, त्याला थेट भगतापर्यंत धाव असते. कापसापासून जपून राहा, हे पथ्य यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कोणी वेळेवर सांगितलं नाही. कोंबडीला तेवढं शास्त्राने सांगून ठेवलंय.

खरं कारण खुराड्यात नाही आणि खाण्यातही नाही. ते आकाशात आहे. कोंबडी अंडं देते ते उजेडाच्या हिशेबाने. जूनमध्ये कळंबचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तो डिसेंबरात अकरा तासांच्या आत-बाहेर येतो. कोंबडीला अंड्यावर ठेवायचं तर चौदा ते सोळा तास उजेड लागतो. हा उजेड ती फक्त डोळ्यांनी मोजत नाही. डोक्याच्या पातळ हाडातून तो थेट मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. म्हणून आंधळ्या कोंबडीलासुद्धा दिवस लहान झाल्याचं समजतं. डोळस गृहस्थाला ते समजत नाही, कारण त्याचा दिवस मोबाइल चार्ज असेपर्यंत चालतो.

दिवस आखडला की ती हिशेब बंद करते आणि अंगावरची जुनी पिसं गाळायला घेते. पिसं म्हणजे बहुतांशी प्रथिनं, अंड्यालाही प्रथिनंच लागतात, आणि दोन खाती एकदम चालवण्याइतकी आवक तिच्याकडे नसते. अंगणात सगळीकडे पिसं उडतात, मान उघडी पडते, शेपूट गायब होते. लोकांना वाटतं रोग आला. तो रोग नसतो. नवीन कपडे शिवायला टाकलेले असतात. एकेका अंड्याच्या कवचासाठी ती दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम अंगातून काढून देते, आणि एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. वर्षभर हे केल्यावर दोन महिने बसून खाल्लं तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार निदान दिवाळीच्या फराळापासून संक्रांतीच्या तीळगुळापर्यंत बसून खाणाऱ्यांना नाही.

उजेडाची ही गोष्ट आता गावातही पोचली आहे, त्यामुळे खुराड्यात बल्ब आला. बल्ब पिवळा हवा, आणि लावायचा तर पहाटे, म्हणजे दिवस पुढच्या टोकाने लांबतो आणि संध्याकाळी कोंबड्या मावळत्या उजेडाबरोबर आपापल्या जागी जाऊन बसतात. पण पहाटे चारला उठून बटण दाबणार कोण? म्हणून बल्ब संध्याकाळी लागतो आणि मालिका संपल्यावर, घरातल्या दिव्यांबरोबर खाडकन विझतो. अंधारात कोंबडीला काही दिसत नाही. ती जिथे असेल तिथे जमिनीवरच बसते, आणि मुंगसाला कळंबात पहिल्यांदाच टेबलावर वाढलेलं मिळतं. एखादा हौशी टायमर बसवतो. टायमर पहाटे चारला बल्ब लावतो आणि कोंबडा कर्तव्याला जागतो. खरं तर कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं; सूर्य दिसण्याच्या आधीच तो आरवायला लागतो. पण बल्बच्या प्रोत्साहनाने तो जो सुरू होतो, तो शेजारचे काकाजी काठी घेऊन कुंपणापाशी येईपर्यंत. भरतीची तयारी करणारा त्यांचा नातू तेवढा खूश असतो. त्याच्या खोलीतला बल्ब गेलेला आहे, आणि कोंबड्यांच्या उजेडात सामान्य ज्ञान बरं दिसतं.

एक माणूस मात्र पहाटे तीनलाही जागा असतो. थ्री फेज लाईन रात्रपाळीला आली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलेला. त्याला पहाटेचा बल्ब लावायला सांगा, तो लावेल. पण त्याला अंडं नको असतं, झोप हवी असते.

दुकानातल्या अंड्याला हिवाळा का नसतो, याचंही उत्तर इथेच आहे. मोठ्या फार्मवरच्या पांढऱ्या कोंबडीला रोज सोळा तास दिवे लावलेले असतात. तिला डिसेंबर आलाय हे कोणी कळूच देत नाही. ती वर्षाला 300 च्या वर अंडी देते. आपली गावरानी देते 60 ते 80. दोघींच्याही आद्य आजीने, रानातल्या लाल कोंबडीने, वर्षाला दहा-पंधरा अंड्यांवर भागवलं होतं, तेही फक्त पिल्लं काढण्यापुरतं. अंडी उत्पादकांनी 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. अंड्याचा भाव दलालाने नाही तर आपण ठरवावा हा त्यामागचा हेतू, आणि मग टीव्हीवरून आठवड्याच्या सगळ्या वारांना अंडी खायला सांगणारी जाहिरात घरोघर पोचली. जाहिरात करणाऱ्यांनी कळंबचं पंचांग पाहिलेलं नव्हतं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि चिंतामणी गणपतीच्या या गावात चतुर्थी कुठल्या वारी येईल याचा नेम नाही. एकादशी वेगळीच. राहिलेल्या वारांचा हिशेब मांडला, तर गावरानी कोंबडीचा आकडा आपल्या धर्माशी जास्त जुळतो.

गंमत अशी की हिवाळ्यात अंड्याची मागणीही वाढते. अंडं उष्ण, थंडीत खावं, ही समजूत देशभर आहे, त्यामुळे भाव चढतो. गावरानी अंड्याला तर एरवीही फार्मच्या अंड्याच्या दुप्पट भाव मिळतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत चार पैसे सुटायचे, नेमक्या त्याच महिन्यांत खुराडं बंद. एखाद्या वर्षी उलटंही होतं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. 2021 च्या जानेवारीत तो परभणीच्या मुरुंब्यात आला. हाही आजार थंडीचाच मुहूर्त बघतो. अशा वर्षी आपल्या कोंबड्या चुकून अंड्यावर असल्या, तर कालपर्यंत वाटी घेऊन दारात उभी राहणारी शेजारीण रस्ता बदलून जाते. नीट उकडलेल्या अंड्याने काही होत नाही हे सरकारी डॉक्टर सांगून थकतात. ऐकतो फक्त अंडा-भुर्जीवाला, आणि तो तर धंदाच बंद करून बसलेला असतो. कोंबड्यांना खरी भीती असते ती मानमोडीची. नैनीतालच्या वर राणीखेत इथे देशात पहिल्यांदा सापडला म्हणून तो राणीखेत रोग. त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, पण तिच्यावर कोणाचा फोटो नसल्यामुळे ती फ्लेक्सइतकी लोकप्रिय झालेली नाही.

घरची कोंबडी रुसली की काही जण आठवडी बाजारातून दुसरी आणायला निघतात. मार्गशीर्षात बाजारात आलेली प्रत्येक कोंबडी कालच अंडं देऊन आलेली असते. पाय बांधून ओळीने मांडलेल्या कोंबड्यांत एक फार देखणी दिसते: नवी कोरी चमकदार पिसं, पिवळेधमक पाय. गिऱ्हाईक तिथेच अडकतं. जाणत्याने मात्र तिथेच सावध व्हावं. जी कोंबडी भरपूर अंडी देते, तिच्या पायांतला पिवळा रंग बलकात निघून जातो. पाय फिके पडतात, पिसं विस्कटतात, तुरा मात्र लाल आणि भरलेला राहतो. जिचे पाय पिवळे आणि तुरा आखडलेला, ती सुट्टीवर आहे. कमरेच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर, एकच मावलं तर नाही. एवढं कुठेतरी वाचून एक गिऱ्हाईक परीक्षा घ्यायला खाली बसलं.

"मावशी, इचे पाय त लय पिवये दिसून रायले."

"मंग? म्या हयद लावली काय त्याइले? देवानंच देल्ले."

"तुरा सुकला हाय. अंडं देते का नाई?"

"परवाच देल्लं. लेकराच्यान खरं सांगतो."

गिऱ्हाइकाने कोंबडी उलटी करून बोट लावलं. एकच बोट मावलं. मावशीने ते पाहिलं, पदर सावरला आणि सूर बदलला.

"संक्रांत होऊ द्या भाऊ. मंग मोजाले बोटं पुरनार नाई. तवर सांबाराच्या काड्या टाका, मेथी टाका, शिंपल्याचा चुरा टाका. अन् तिच्या मांगं लागू नोका."

एवढं खरं आणि एवढं नेमकं कोंबडीशास्त्र मी कुठल्याही तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हिरवा पाला खाल्ला की बलक गर्द होतो, शिंपल्याने कवच पक्कं होतं, आणि संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो तसा कोंबडीचा तुराही लाल व्हायला लागतो. माघातल्या चतुर्थीला चिंतामणीची यात्रा भरेपर्यंत खुराड्यातून "कुक् कुक् कुडाक" असा जाहीरनामा ऐकू येऊ लागतो, आणि गृहस्थ गावभर सांगत सुटतो की डिंकाचा लाडू लागू पडला.

वाट बघणं हा कळंबच्या माणसाला काही नवा विषय नाही. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. तिथल्या कुंडाचं पाणी कैक वर्षांतून एकदा वर चढतं, मूर्तीच्या पायाला लागतं, आणि गंगा आली म्हणून सगळा मुलूख लोटतो. तोवर कोणी कुंडात बल्ब सोडत नाही. वर्ध्याहून कळंबला रेल्वे सुरू झाली ती 28 फेब्रुवारी 2024 ला. तोवर कोणी रुळावर ओवा टाकला नाही. देवासाठी आणि रेल्वेसाठी जन्म काढणारा माणूस कोंबडीला दोन महिनेही द्यायला तयार नसतो, कारण देव आणि रेल्वे त्याच्या अंगणात, त्याची ज्वारी खात फिरत नाहीत.

तरीही ज्याला पौषात घरचंच अंडं खायचं असेल, त्याच्यासाठी एक उपाय आहे, आणि तो बिनखर्चाचा नसला तरी बिनबल्बाचा आहे. पहिल्या वर्षाची तलंग बहुधा पिसं गाळत नाही. ती आपला पहिला हिवाळा सुट्टी न घेता काढते. तेव्हा मृग लागला आणि बियाण्याच्या दुकानासमोर रांगेत उभं राहायची वेळ आली, की त्याच फेरीत पिल्लंही घेऊन या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधनवाल्यांची वनराज घ्या, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली गिरीराज घ्या, पाच-सहा महिन्यांनी ती अंड्यावर येतात, म्हणजे बरोबर ऐन थंडीत. अंड्याची पेरणीसुद्धा मृगातच करायची असते. यंदाचा मृग हुकला असेल, तर निमूटपणे दुकानातून अर्धा डझन आणा, आणि भाजी करताना खुराड्याकडची खिडकी लावून घ्या.